पेणचा समुद्र रोह्याला नेताना

पेणहून रोह्याला बिऱ्हाड हलवायचं तर अंतर फार नाही. वडखळ, नागोठणे, भिसे खिंड आणि पुढे रोहे, असा चाळीसेक किलोमीटरचा रस्ता. कपाट, पलंग, फ्रिज सकाळी टेम्पोत चढवले तर दुपारी नव्या घरात लागलेले असतात. घरात खाऱ्या पाण्याचा फिश टँक असेल तर मात्र त्याचा विचार या सामानापासून वेगळा करावा लागतो. गप्पी किंवा गोल्डफिश झाकणाच्या बादलीत नेले तरी बहुधा तरून जातात. खाऱ्या पाण्यातले क्लाउनफिश, डॅमसेल, टँगसुद्धा एवढ्याशा प्रवासात सहसा मरत नाहीत. ते दगावतात नव्या घरी, दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या दिवशी, सगळं मार्गी लागलं असं वाटत असताना. मग घरात बोललं जातं की रोह्याचं पाणी त्यांना मानवलं नाही.

पाण्याचा दोष क्वचितच असतो. माशांच्या आधी दुसरंच काहीतरी मेलेलं असतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

मासा आपल्या कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. अथांग समुद्रात त्याचा मागमूस उरत नाही. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टँकमध्ये साधारण १९० लिटर पाणी मावतं. तेवढ्यात तो साठत गेला तर मासे स्वतःच्याच विषात पोहू लागतात. ते होत नाही, कारण टँकमधल्या दगडांवर, वाळूवर आणि फिल्टरच्या स्पंजवर दोन प्रकारच्या जिवाणूंची दाट वस्ती झालेली असते. एक प्रकार अमोनियापासून नायट्राइट बनवतो, दुसरा त्या नायट्राइटचं नायट्रेट करतो. नायट्रेट मासे बऱ्यापैकी सोसतात आणि अधूनमधून पाणी बदललं की ते कमीही होतं. जुन्या पुस्तकांत दुसऱ्या टप्प्याचं श्रेय नायट्रोबॅक्टरला दिलेलं आढळतं. टँकमध्ये हे काम मुख्यतः नायट्रोस्पायरा नावाचे जिवाणू करतात, हे १९९० च्या दशकातल्या संशोधनातून पुढे आलं. हे जिवाणू फार सावकाश वाढतात. दूध नासवणारे जिवाणू अर्ध्या-पाऊण तासात दुप्पट होतात, यांना त्यासाठी अर्धा-एक दिवस किंवा जास्तही लागतो. म्हणूनच नवा टँक लावल्यावर मासे सोडण्याआधी चार ते सहा आठवडे थांबायला सांगतात. घर बदलताना ही वस्ती मेली, तर रोह्यात जो टँक लागतो तो दिसायला जुना पण आतून कोरा असतो, आणि त्यात मासे मात्र पहिल्या तासापासून पुरे भरलेले असतात.

खाऱ्या पाण्यात हे अधिक घातक ठरतं. अमोनियाची विषारी आणि कमी विषारी अशी दोन रूपं असतात आणि पाण्याचा सामू (पीएच) वाढला की विषारी रूपाचं प्रमाण वाढतं. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ ते ८.३ च्या आसपास असतो. तिथे विषारी अमोनियाचा वाटा सात सामूच्या पाण्यापेक्षा दहापट किंवा त्याहूनही जास्त भरतो. गोड्या पाण्यात जी चूक खपून जाते, ती इथे माशांच्या जिवावर बेतते.

म्हणून स्थलांतराचं सगळं वेळापत्रक मी या जिवाणूंच्या सोयीने लावायला सांगेन. मासे कसे न्यायचे याची चिंता प्रत्येक जण करतो. दगडांची कोणी करत नाही. लाइव्ह रॉक म्हणून जो सच्छिद्र दगड टँकमध्ये असतो, त्याच्या भोकाभोकांत जिवाणूंबरोबर स्पंज, बारीक किडे, शेवाळ असं बरंच काही राहतं. हा दगड ओल्या फडक्यात गुंडाळून न्यावा असा सल्ला मिळतो. जिवाणू त्यातून तरतीलही, पण हवेत उघडे पडलेले स्पंज मरतात आणि कुजून पुन्हा अमोनियाच तयार करतात. त्यापेक्षा झाकणाच्या मोठ्या बादल्यांत, टँकच्याच पाण्यात दगड पूर्ण बुडवून न्यावेत आणि बादलीत बॅटरीवरच्या एअर पंपाची नळी सोडावी. नळाच्या पाण्याने दगड कधीही धुऊ नयेत. त्यातलं क्लोरिन जिवाणू मारण्यासाठीच घातलेलं असतं, आणि खाऱ्यात वाढलेल्या जीवाला अचानक गोडं पाणी मिळालं की त्याच्या पेशी फुगून फुटतात. कॅनिस्टर फिल्टर असेल तर तो बंद करून तसाच टेम्पोत ठेवू नये. आतल्या कोंडलेल्या पाण्यातला प्राणवायू लवकर संपतो आणि जिवाणू गुदमरतात. फिल्टर उघडून आतला स्पंज आणि सिरॅमिकचे तुकडे दगडांच्याच बादलीत टाकावेत.

वाळूबद्दल खारेपाटातल्या माणसाला वेगळं सांगायची गरज पडू नये. खाजणात पाय रुतला की वरच्या तपकिरी चिखलाखाली काळाकुट्ट थर लागतो आणि सडक्या अंड्यांचा वास येतो. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. हवा पोचत नाही अशा थरातले जिवाणू पाण्यातल्या सल्फेटपासून तो वायू तयार करतात. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असतं, म्हणून गोड्या तळ्यातल्या गाळापेक्षा खाडीच्या गाळात हा प्रकार कितीतरी जास्त. टँकमधली दोन-तीन इंच जाडीची, वर्षानुवर्षं न हललेली वाळू हे छोटं खाजणच. ती ढवळून त्याच पाण्यात परत घातली तर सल्फाइड आणि साठलेली घाण एकदम मोकळी होते. मासे नव्या घरी पोचताच मरण्याचं हेही एक मोठं कारण आहे. वाळू पातळ थराची आणि स्वच्छ असेल तर खाऱ्या पाण्यात खळखळून घ्यावी आणि वापरावी. जाड, जुनी, काळे पट्टे दिसणारी असेल तर ती टाकून नवी घ्यावी आणि जुन्यातली वरच्या थराची एक-दोन वाट्या वाळू तिच्यावर पसरावी. बियाणं म्हणून तेवढी पुरते.

पाण्याच्या बाबतीत उलटा गैरसमज आहे. पुष्कळ जण पाण्याचा थेंब न थेंब सोबत नेतात, कारण जिवाणू पाण्यात असतात असं त्यांना वाटतं. पाण्यात ते थोडेच असतात. बहुतेक सगळे पृष्ठभागाला चिकटलेले असतात. तरीही निम्मं पाणी न्यावं हे माझं मत, कारण मग क्षारता, सामू, कॅल्शियम यांत माशांना आणि इतर जिवांना एकदम फरक जाणवत नाही. पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे जार प्रत्येक गावात मिळतात. तसे पाच जार भरले की काम होतं. फक्त ते साबणाने किंवा फिनेलने कधी धुतलेले नसावेत.

उरलेलं निम्मं पाणी रोह्यात आदल्या दिवशी तयार ठेवायचं. इथे पेणच्या माणसाच्या मनात मिठागराचं मीठ येणं साहजिक आहे. पेण, उरण, पनवेलच्या किनाऱ्यावर समुद्राचं पाणी आटवून पिढ्यानपिढ्या मीठ पिकवलं गेलं; तेच पुन्हा पाण्यात विरघळवलं तर समुद्र परत मिळायला हवा, असं वाटतं. तसं घडत नाही, आणि का घडत नाही ते मिठागराच्या कोंड्यातच दिसतं. पाणी आटत जातं तसे त्यातले क्षार एकेक करून वेगळे होतात. आधी चुना खाली बसतो, मग जिप्सम. पाणी मूळच्या साधारण एक दशांशावर आलं की मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड धरू लागतं. शेवटी उरतं ते कडवट पाणी, त्यात मॅग्नेशियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात, आणि चांगलं मीठ हवं म्हणून ते काढून टाकतात. म्हणजे मिठागर समुद्राची वाटणी करतं आणि आपल्याला त्यातला एकच वाटा देतं. किलोभर समुद्रपाण्यात सुमारे १.३ ग्रॅम मॅग्नेशियम आणि ०.४ ग्रॅम कॅल्शियम असतं. मिठागराच्या मिठात यांचा नुसता अंश उरतो, आणि बाजारातल्या मिठात वरून आयोडीन मिसळलेलं असतं. फिलिप गॉस या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने १८५४ मध्ये लंडनमध्ये कृत्रिम समुद्रपाणी बनवलं, तेव्हा साध्या मिठात एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड मिसळावं लागलं ते याच कारणाने. आज दुकानात मिळणारं मरीन सॉल्ट हे त्याच कृतीचं सुधारलेलं रूप आहे. आरओच्या पाण्यात लिटरमागे ३५ ते ३८ ग्रॅम घालायचं, छोटा पंप लावून रात्रभर फिरू द्यायचं आणि सकाळी खारेपणा रिफ्रॅक्टोमीटरने मोजायचा. जुन्या टँकचं विशिष्ट गुरुत्व १.०२५ असेल तर नव्या पाण्याचंही तेवढंच हवं. मीठ नुकतंच विरघळलेलं पाणी कल्ल्यांना झोंबतं, म्हणून एका रात्रीचा अवधी हवाच.

रोह्यातून कुंडलिका वाहते, तेव्हा तिच्या खाडीचं पाणी का नको, असंही कोणी विचारेल. ते समुद्राचं पाणी नव्हेच. मुळशी धरणातून येणारं पाणी भिरा इथल्या टाटांच्या जलविद्युत केंद्रातून कुंडलिकेत सोडलं जातं. हे केंद्र १९२७ पासून चालू आहे आणि कोलाडचं राफ्टिंग याच पाण्यावर चालतं. त्यामुळे नदीला उन्हाळ्यातही गोड्या पाण्याचा ओघ असतो आणि रेवदंड्याला समुद्राला मिळेपर्यंत खारेपणा सतत बदलत राहतो. त्यातच धाटावच्या रासायनिक कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणीही तिला मिळतं. खाडीच्या माशांना याची सवय असेल, प्रवाळाच्या समुद्रातून आलेल्या माशांना नाही.

या सवयीचं उत्तम उदाहरण म्हणजे आपला जिताडा. तो वाढतो नदी-खाडीत आणि अंडी घालायला समुद्राच्या तोंडाशी जातो. पावसाळ्यात त्याची पिल्लं खाडीकाठच्या पाण्यातून पकडून पेण-अलिबागकडचे शेतकरी आपल्या गोड्या तळ्यांत सोडतात आणि ती तिथे जोमाने वाढतात. समुद्रातल्या माशाच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं, म्हणून तो समुद्राचं पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींमधून बाहेर टाकतो. गोड्या पाण्यात हा सगळा व्यवहार उलट चालवावा लागतो. जिताड्याच्या कल्ल्यांना दोन्ही जमतं. क्लाउनफिशला खारेपणातला लहानसा फरक सोसतो, तोही सावकाश केलेला. तारामासे आणि समुद्री साळू यांच्याकडे तर मीठ आत-बाहेर करणारी यंत्रणाच नाही. त्यांच्या अंगातला द्रव बाहेरच्या समुद्राइतकाच खारा असतो. पाणी बदललं की ते आतूनच बदलतात. टँकमध्ये असे जीव असतील तर दोन्ही पाण्यांचं गुरुत्व जुळवण्यात कंटाळा करू नये.

हलवायच्या दिवशी सकाळी आधी हीटर बंद करून पाव तास थांबावं, कारण गरम काच हवेत उघडी पडली की तडकते. मग काहीही ढवळण्याआधी वरचं निवळशंख पाणी जारमध्ये भरून घ्यावं. नंतर दगड. दगड निघाले आणि पाणी सहा इंचांवर आलं की माशांना लपायला जागा उरत नाही. भरल्या टँकमध्ये जाळी घेऊन त्यांचा पाठलाग करणं म्हणजे प्रवासाआधीच त्यांना दमवणं. माशांना आदल्या दिवसापासून उपाशी ठेवावं. घरातल्या मोठ्यांना हे क्रूर वाटतं, पण निरोगी मासा दोन दिवस सहज उपाशी राहतो आणि रिकाम्या पोटी फार कमी घाण करतो. प्रत्येकाला वेगळा डबा किंवा पिशवी द्यावी. टँगच्या शेपटीशी धारदार काटा असतो आणि तो शेजाऱ्यालाही चिरतो. बॉक्सफिश घाबरला की त्वचेतून विष सोडतो आणि त्या डब्यातले बाकीचे मासे, कधी तो स्वतःही, मरतात. लायनफिशच्या काट्यांपासून तर माणसानेच हात जपायचा. समुद्रफूल, म्हणजे अ‍ॅनिमोन, काचेला घट्ट धरून बसलं असेल तर ओढू नये. पायाशी जखम झाली तर ते सहसा जगत नाही. नख हळूहळू सरकवत राहिलं की ते सुटतं. दगडावर बसलेलं असेल तर दगडासकट न्यावं.

दुकानातून आणलेला मासा पिशवीतून टँकमध्ये सोडताना थेंब-थेंब पाणी मिसळत तासभर थांबण्याची रीत आहे. दूरवरून आलेल्या माशासाठी तीच रीत घातक ठरू शकते. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, त्यामुळे सामू उतरतो आणि जमलेला अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडतो, सामू चढतो आणि तोच अमोनिया काही मिनिटांत विष होतो. पेण-रोहे प्रवासात मासा स्वतःच्याच पाण्यात तास-दोन तासच असतो आणि डब्यात हवेची नळी असते, म्हणून हा धोका थोडा. पोचल्यावर डबा पाण्यात तरंगत ठेवून तापमान सारखं करायचं आणि मासा लगेच सोडायचा, एवढं बस.

हवेचं महत्त्व मात्र कमी लेखू नये. २५ अंश तापमानाला लिटरभर गोड्या पाण्यात सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, समुद्राच्या पाण्यात ६.७ च्या आसपास. पाणी तापलं की तोही घटतो. बंद टेम्पोत, मे महिन्यातल्या दुपारी, वडखळच्या कोंडीत अडकलेली बादली हा मला या सगळ्यातला सर्वांत मोठा धोका वाटतो. पहाटे निघावं, मासे टेम्पोत न ठेवता स्वतःच्या गाडीत एसी लावून थर्माकोलच्या खोक्यात न्यावेत. पंपाची बॅटरी संपलीच तर अ‍ॅना थिन यांची युक्ती उपयोगी पडते. या बाईंनी १८४६ मध्ये टॉर्कीच्या किनाऱ्यावरचे जिवंत प्रवाळ लंडनला आणले. ताजं समुद्रपाणी रोज मिळणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीशी उभी राहून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत राही आणि त्यात हवा मिसळे. प्रवाळ जगले. माशाला धक्का न लावता मगभर पाणी काढून उंचावरून परत ओतत राहिलं, तर आजही तेच साधतं.

रिकामा टँक नेण्यासाठी टेम्पो पेणमध्येच शोधावा. हमरापूर, जोहे, पेण इथून गणपतीच्या मूर्ती पेंढ्यात बसवून दूरदूर पोचवणारी माणसं इथे आहेत. ठिसूळ वस्तू कशी टेकवायची आणि खड्ड्यावर गाडी कशी उतरवायची हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. पण गणेशोत्सवाच्या आधीचे दिवस टाळावेत. तेव्हा ही मंडळी मोकळी नसतात आणि महामार्गही तुंबलेला असतो. टँकमध्ये वाळू, दगड, पाणी काहीही ठेवू नये, दोन इंचसुद्धा नाही. पाणी डुचमळलं की सिलिकॉनच्या सांध्यांवर ताण येतो आणि गळती महिनाभराने सुरू होते.

रोह्याच्या घरात टँकची जागा आधीच ठरलेली हवी. भरलेला तीन फुटी टँक काच, दगड, वाळू धरून पावणेतीनशे किलोपर्यंत जातो, म्हणून तो बाल्कनीत किंवा स्लॅबच्या मधोमध न ठेवता भिंतीलगत, तुळईच्या जवळ ठेवावा. तळमजला भारासाठी उत्तम, पण नदीकाठच्या सखल भागात पुराचं पाणी कुठवर येतं हे शेजाऱ्यांना विचारून घ्यावं. खाली फोमची शीट घालून लेव्हल पट्टीने चारही बाजू तपासाव्यात. मग वाळू, दगड, ताटलीवर सोडलेलं पाणी, पंप, आणि सगळ्यात शेवटी मासे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडातल्या कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. टँकचा एक तरी पंप इन्व्हर्टरवर असावा, ही सोय पहिल्याच आठवड्यात करून घ्यावी.

त्या आठवड्यात अमोनिया रोज तपासावा. आकडा ०.२५ पीपीएमवर दिसला तर पाव भाग पाणी बदलायचं, खाणं निम्म्यावर आणायचं. दिव्याचे तासही कमी ठेवावेत. आठवडाभर शून्य राहिला की वस्ती जिवंत आहे असं धरायचं, पण नवा मासा तरी महिनाभर आणू नये. पुढे आणायचाच तर हॅचरीत जन्मलेला घ्यावा. क्लाउनफिशची पैदास आपल्याकडे होते, ऐरोलीत कांदळवन प्रतिष्ठानाच्या साहाय्याने असं केंद्र उभं राहिलं आहे. प्रवाळाचं तसं नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आपल्या समुद्रातले प्रवाळ आणि समुद्री घोडे येतात, मेलेल्या प्रवाळाचा तुकडा बाळगणंही गुन्हा ठरतो. माशांच्या खरेदीच्या पावत्या घराच्या कागदपत्रांबरोबर सांभाळून न्याव्यात.

पेणच्या घरी उरलेलं पाणी आणि नको असलेला मासा यांचं काय करायचं, हा प्रश्न शेवटी राहतोच. मासा खाडीत सोडू नये. अमेरिकेत फ्लोरिडाजवळ १९८५ च्या सुमारास पहिल्यांदा आढळलेला परका लायनफिश पुढे कॅरिबियनभर पसरला आणि तिथल्या लहान माशांचा फडशा पाडत राहिला. तो पाळीव टँकमधूनच सुटला असावा असं मानतात. न नेता येणारा मासा दुकानदाराला किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावा. पाणी मोरीत ओतावं, भरपूर साध्या पाण्याबरोबर. परसातल्या आंब्याच्या आळ्यात किंवा विहिरीजवळ नको. बांध फुटून खारं पाणी भातखाचरात शिरलं की ती जमीन किती वर्षं पिकत नाही, हे पेणच्या खारेपाटात कोणालाही विचारावं.